क्षमा मिळते, शांती मिळत नाही: मिरजेतलं एक प्रकरण

गृहस्थ साठीच्या अलीकडचे, मिरजेतल्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये तंत्रज्ञ. जन्माने कॅथलिक, आजोबा नगर जिल्ह्यातून इकडे आले. बायको मिरजेचीच, प्रॉटेस्टंट घरातली. सांगली-मिरजेत ख्रिस्ती म्हटलं की लोकांना आधी मिशन हॉस्पिटल आठवतं. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत उभं केलेलं ते हॉस्पिटल अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचं, आणि इथला बराचसा ख्रिस्ती समाज त्याच वळणाचा. कॅथलिक घरं त्या मानाने थोडी. त्यामुळे नवरा दर आठवड्याला पापनिवेदनाला, म्हणजे फादरसमोर आपली पापं कबूल करायला, का जातो हे या बाईंना कधी पटलं नाही. "देवाला थेट सांगायचं सोडून फादर कशाला मध्ये?" हा त्यांचा जुना प्रश्न. पुढे मात्र त्याच म्हणू लागल्या, की थेट सांगा नाहीतर फादरना सांगा, पण एकदाच सांगा.

अडचण तीच होती. एप्रिल २०२१ मध्ये या गृहस्थांची आई कोविडने गेली. तेव्हापासून ते एकच गोष्ट पुन्हा पुन्हा प्रायश्चित्त संस्कारात, म्हणजे याच पापनिवेदनात, नेत होते. आधी मिरजेत. तिथल्या फादरनी "आता हे परत आणू नका" असं सांगितल्यावर कोल्हापुरात, मग पुण्यात, प्रत्येक वेळी नव्या धर्मगुरूकडे. वाक्य ठरलेलं: "मी आईला मारलं."

माझ्याकडे ते आले तेव्हा फादरनी मला त्यांच्याविषयी अक्षरही सांगितलेलं नव्हतं, आणि सांगू शकतही नव्हते. पापनिवेदनाची गुप्तता कॅनन ९८३ (कॅथलिक चर्चच्या कायद्याचं कलम) प्रमाणे अभंग आहे. शब्दाने, खुणेने, कुठल्याही कारणाने ती मोडता येत नाही. फादरनी त्या गृहस्थांनाच सुचवलं होतं की संस्काराबाहेर कुणाशी तरी निवांत बोला. मी शाळेतून निवृत्त झालेली बाई, संत इग्नेशियसने घालून दिलेल्या प्रार्थनेच्या साधनेत लोकांना सोबत करते, एवढीच माझी पात्रता. खाली लिहिलंय ते त्यांनी स्वतः मला सांगितलेलं आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

त्या रात्रीची हकीकत अशी. आईचं ऑक्सिजन रात्री अकराला ९१ आलं. यांना आकड्याचा अर्थ कळत होता, रोजचं कामच ते. पण त्या आठवड्यात मिरजेत बेड मिळणं म्हणजे काय होतं तेही माहीत होतं. म्हातारीला रात्रभर अँब्युलन्समध्ये फिरवण्यापेक्षा सकाळी बघू, असं ठरवून ते आडवे झाले आणि चार तास गाढ झोपले. सकाळी आकडा घसरलेला होता. दिवसभर फिरून संध्याकाळी बेड मिळाला, आणि काही दिवसांनी आई गेली. झोप लागली, हे त्यांना सहन होत नव्हतं. निर्णय चुकला याचं त्यांना एवढं नव्हतं. झोप कशी लागली, याचं होतं.

शिक्षा त्यांनीच ठरवलेली होती. ख्रिस्तप्रसाद, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत मिळणारी पवित्र भाकर, घेणं बंद. शुक्रवारी पाणीसुद्धा नाही. जमिनीवर झोपायचं. तामिळनाडूत वेळांकण्णी मातेच्या तीर्थाला जाऊन गुडघ्यांवर चालून आले. एवढं करूनही पापक्षमेचे शब्द कानावर पडले की दोन दिवस बरं वाटायचं आणि तिसऱ्या रात्री अकरा वाजता डोळे उघडायचे. एकदा म्हणाले, "बाई, क्षमा मिळतीय, शांती मिळत न्हाई." प्रायश्चित्त संस्काराचा सुधारित विधी १९७३चा; त्यात धर्मगुरू देवाकडे या दोन्ही गोष्टी एका दमात मागतो, क्षमा आणि शांती. म्हणजे तक्रार नेमक्या जागेवर होती.

धर्मशिक्षणाच्या दृष्टीने पहिला निकाल सोपा आहे. गंभीर पापाला तीन गोष्टी लागतात: बाब गंभीर हवी, ती पाप आहे याची पूर्ण जाणीव हवी आणि मनापासून संमती हवी. आईचं वाईट व्हावं याला या माणसाची संमती नव्हती. उलट तिला कमी त्रास व्हावा म्हणूनच तो थांबला. अंदाज चुकला. संस्कारात पापांची क्षमा होते, दुर्दैवाची होत नाही. जे पाप नाही त्यावर क्षमेचे शब्द कितीही वेळा उच्चारले तरी ते लागू कुठे पडणार? हे मी सांगितलं, माझ्याआधी तीन-चार फादरनी सांगितलं होतं. प्रत्येक वेळी ते मान हलवायचे आणि म्हणायचे, "पण झोपलो की हो मी."

जेसुइट संघाचा संस्थापक, लोयोलाचा इग्नेशियस, त्याची गोष्ट इथे आठवणं साहजिक होतं. १५२२ मध्ये स्पेनमधल्या मानरेसात तो याच चक्रात अडकला होता. आयुष्यभराचं पापनिवेदन लिहून केलं, तरी काहीतरी राहिलंच असं वाटायचं, परत जायचा. धर्मगुरूने आज्ञा केली की अगदी स्पष्ट असेल तेवढंच जुनं पाप सांग. उपयोग शून्य, कारण त्याला सगळंच अगदी स्पष्ट दिसत होतं. जीव द्यावा इथवर मजल गेली. आठवडाभर उपास केला. शेवटी एका क्षणी त्याला या सगळ्याचा वीट आला आणि हे चक्र देवाकडून चालवलं जात नाहीये हे उमगलं. जुनी पापं पुन्हा न सांगण्याचं त्याने ठरवलं. पुढे त्याने साधनेच्या पुस्तिकेत या रोगावर वेगळ्या टिपा लिहिल्या. आल्फोन्सस लिगोरी, ज्याला १९५० मध्ये पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूंचा आश्रयदाता संत म्हणून जाहीर केलं, तोसुद्धा आयुष्यभर याच, पाप राहून गेलं असेल या शंकेच्या, विकाराने त्रासलेला. ही माणसं श्रद्धेत कच्ची होती असं कुणी म्हणणार नाही.

इग्नेशियसची गोष्ट सांगण्याबरोबर मी आणखी एक केलं: मानसोपचारतज्ज्ञांकडे जाण्याचा आग्रह धरला. गृहस्थ नाराज झाले, "म्हणजे मी वेडा का?" लॅबमध्ये काम करणाऱ्या माणसाने असं विचारावं याची मला गंमत वाटली. तुम्ही लोकांची साखर तपासता तेव्हा त्यांच्या प्रार्थनेबद्दल शंका घेता का, असं विचारल्यावर गेले. गोळ्या सुरू झाल्या, झोप सुधारली. त्याशिवाय पुढचं काही घडलं असतं असं मला वाटत नाही. देवाची कृपा मेंदूला वळसा घालून येते असा समज आपल्या भक्त मंडळींत फार आहे. त्याला धर्मशिक्षणात आधार नाही.

इथवर हे नेहमीचं प्रकरण होतं. ते वेगळं झालं ते पुढे.

प्रार्थनेसाठी मी त्यांना बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानातला बाविसावा अध्याय दिला, पेत्र या शिष्याने येशूला ओळखत नाही म्हणून नाकारल्याचा प्रसंग. कोंबडा आरवतो, प्रभू वळून पेत्राकडे बघतो आणि मग पेत्र बाहेर जाऊन रडतो. क्रम लक्षात ठेवा, एवढंच सांगितलं होतं: बघणं आधी, रडणं नंतर. पुढच्या भेटीला आले तेव्हा पेत्राबद्दल काही बोललेच नाहीत. म्हणाले, "बाई, यहूदानं तर पैसे परत केले होते." यहूदा म्हणजे पैसे घेऊन येशूला धरून देणारा शिष्य. तो प्रसंग मत्तयच्या सत्ताविसाव्या अध्यायातला; मी दिलेलाच नव्हता. स्वतःहून उघडून वाचला होता.

मी विचारलं, "कुणाचे पैसे?"

त्यांचा चेहरा बदलला. मी आईबद्दल बोलायला येतो, तुम्ही भलतंच विचारता, म्हणाले आणि उठून गेले. पुढे बरेच आठवडे आले नाहीत.

या रागाबद्दल माझं मत पक्कं आहे: या सगळ्या काळात कृपेची पहिली खूण हीच होती. मनातल्या प्रेरणा कुठून येतात हे पारखण्याचे इग्नेशियसचे नियम आहेत, त्यांत असं आहे की जो माणूस पापाकडून पापाकडे चाललाय त्याला चांगला आत्मा टोचतो, बोचतो. जो देवाकडे सरकतोय त्याला धीर देतो, आणि वाईट आत्मा नेमकं उलटं करतो. नियम वाचताना आपण माणसांचे दोन प्रकार डोळ्यांसमोर आणतो. प्रत्यक्षात एकाच माणसात दोन्ही असतात. आईच्या बाबतीत या गृहस्थांना दिलासा हवा होता आणि तिथे त्यांना रात्रंदिवस टोचणी होती. जिथे टोचणी हवी होती तिथे चार वर्षं शांत झोप लागत होती.

ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू झाल्यावर ते परत आले आणि सगळं सांगितलं. वडिलांची मिरजेत घरामागे मोकळी जागा होती. वडील आणि आई दोघंही मृत्युपत्र न करता गेले. ख्रिस्ती कुटुंबाला १९२५चा भारतीय वारसा कायदा लागतो आणि त्यात मुलगा-मुलगी असा भेदच नाही. म्हणजे जागेत अर्धा वाटा थोरल्या बहिणीचा. आक्का विधवा, तासगावला बेदाण्याच्या शेडवर निवडाईचं काम करते. आईला जाऊन दोन महिने होत नाहीत तोवर यांनी तिला दुय्यम निबंधक कार्यालयात नेऊन हक्कसोडपत्रावर सही घेतली. "उताऱ्यावर नाव लावायचंय नुसतं, आक्का." त्या दिवशी जागेचा विसार यांच्या खात्यात जमा झालेला होता. जागा विकली गेली. काही पैसे कर्जात, काही मुलाच्या ॲडमिशनला गेले.

"हे कधी पापनिवेदनात सांगितलंत?"

"ते व्यवहाराचं होतं, बाई. सगळ्यांच्याच भैनी सही करत्यात."

खरं आहे, करतात. आपल्या भागात भावाकडे वाटा मागणारी बहीण म्हणजे माहेर तोडणारी, ही समजूत हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती सगळ्यांनी सारख्याच भक्तिभावाने पाळलेली आहे. पहिल्या बाकावर बसून मिस्सा (कॅथलिक उपासना) ऐकणाऱ्या किती घरांत असं एक हक्कसोडपत्र कपाटात असेल, याचा विचार मी करत नाही; प्रार्थनेत लक्ष लागणार नाही. पण बहिणीने राजीखुशीने सोडलेला वाटा वेगळा आणि विसार लपवून घेतलेली सही वेगळी. दुसरी गोष्ट चोरी आहे. दहा आज्ञांतली, कॅथलिक गणतीत सातवी आज्ञा. त्यांच्या बायकोच्या चर्चमध्ये तीच आठवी मोजतात, पण आज्ञा तीच.

आता प्रश्न असा की आईबद्दलच्या अपराधीपणाचं आणि या चोरीचं नातं काय? माझं वाचन असं. माणूस एका खटल्यात कायमचा आरोपी होऊन उभा राहिला की दुसरा खटला दाखल होत नाही. आधीच एवढी शिक्षा भोगणाऱ्याला आणखी काय विचारायचं, असं जगालाही वाटतं आणि त्यालाही. आईसाठी उपाशी राहणारा मुलगा बहिणीला फसवणारा भाऊ असेल हे कुणाच्या मनात येत नाही. हे त्यांनी ठरवून केलं असं मी म्हणत नाही. अपराधीपणाची भावना खोटीही नव्हती. पण तिचं तोंड सारखं स्वतःकडे होतं: मी कसा झोपलो, मी कसला मुलगा. पश्चात्तापात समोर कुणीतरी असतं, ज्याचं आपण काही घेतलं आहे.

कॅथलिक चर्चच्या ट्रेंट इथल्या महासभेने १५५१ मध्ये पश्चात्तापाची व्याख्या केली, तीत तीन गोष्टी आहेत: केलेल्या पापाबद्दल मनाचं दुःख, त्या पापाचा तिटकारा आणि पुढे पाप न करण्याचा निश्चय. किती रडायचं, छातीत किती जळजळायचं, याबद्दल शब्दही नाही. दुःख म्हणजे तिथे इच्छाशक्तीने फिरवलेली पाठ. हे यांना सांगणं गरजेचं झालं, कारण आक्काचं कबूल केल्यावर त्यांना नवीनच भीती बसली. "आईसाठी रडू येतंय. आक्कासाठी काहीच होत न्हाई आत. नुसती लाज वाटतीय, आणि वर गेल्यावर काय होईल याची भीती. हा पश्चात्ताप खरा कसा?"

प्रश्न जुना आहे. देवावरच्या प्रेमातून येतो तो पूर्ण पश्चात्ताप. पापाच्या कुरूपतेमुळे किंवा शिक्षेच्या भीतीने येतो तो अपूर्ण. या दुसऱ्याचं काय करायचं यावर कॅथलिक पंडित एवढे भांडले की १६६७ मध्ये रोमला फर्मान काढून एकमेकांना दूषणं देणं थांबवा म्हणावं लागलं. ट्रेंटने मात्र एक गोष्ट स्वच्छ सांगून ठेवली होती: अपूर्ण पश्चात्तापसुद्धा देवाची देणगी आहे, पवित्र आत्म्याची प्रेरणा आहे, आणि प्रायश्चित्त संस्कारात कृपा स्वीकारायला तो माणसाला तयार करतो. लाज आणि भीती, एवढं भांडवल पुरतं.

आणि उरलेलं मागायचं असतं. इग्नेशियसची साधना चार आठवड्यांची; तिच्या पहिल्या आठवड्याची प्रत्येक बैठक एका मागणीने सुरू होते, आणि पापांच्या मननात ती मागणी असते: मला लाज दे, मला दुःख दे, अश्रू दे. लोक हे वाचून पुढे जातात. मला ते सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. पश्चात्ताप ही माणसाने घाम गाळून तयार करायची वस्तू असती तर तो मागायला कशाला सांगितला असता? ट्रेंटच्याच १५४७च्या ठरावात हा क्रम लिहिलेला आहे की सुरुवात देवाच्या पुढाकाराने, माणसाच्या कुठल्याही लायकीआधी होते. माणूस त्याला हो म्हणतो किंवा नाही म्हणतो. आमच्या गृहस्थांच्या डोक्यात हिशेब उलटा होता. आधी पुरेसं सोसायचं, मग क्षमा. उपास, गुडघे, जमीन हे सगळे हप्ते होते. देव ते घेत नव्हता, म्हणून हप्ता वाढत होता.

यहूदाकडे त्यांचं लक्ष गेलं ते बरोबरच होतं. त्याला दुःख झालं, त्याने "निर्दोष माणसाला धरून दिलं" असं तोंडाने कबूल केलं, तीस रुपये परत केले. दुःख, निवेदन, भरपाई: कागदावर काही कमी नाही. फक्त ते सगळं तो ज्यांच्याकडे घेऊन गेला त्यांनी "तुझं तू बघ" म्हणून हात झटकले, आणि ज्याच्याकडे न्यायचं त्याच्याकडे तो गेला नाही. पेत्राने परत करण्यासारखं काहीच केलं नाही. त्याच्याकडे कुणीतरी बघितलं होतं आणि ते बघणं त्याने टाळलं नाही. मी एवढं बोलल्यावर ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आक्काकडं बघायचं मी टाळतोय चार वर्षं."

पापनिवेदन त्यांनी त्याच आठवड्यात केलं, मिरजेतच, ओळखीच्या फादरकडे. प्रायश्चित्त त्यांनीच मला सांगितलं: एक्कावन्नावं स्तोत्र, आणि पवित्र आठवड्याच्या (ईस्टरआधीच्या आठवड्याच्या) आत तासगावला जाणं. पापक्षमा तेव्हाच दिली गेली, पैसे फिटेपर्यंत रोखून ठेवली नाही. यावर फादरशी माझा मतभेद झाला; अर्थात या माणसाचं नाव न काढता, तत्त्व म्हणून. माझं म्हणणं, मत्तयच्या पाचव्या अध्यायात येशू सांगतो की वेदीपाशी अर्पण ठेवून आधी भावाशी समेट कर. फादरचं म्हणणं, परत देण्याचा निश्चय खरा असेल तर कॅनन ९८० प्रमाणे क्षमा नाकारायची नसते आणि पुढेही ढकलायची नसते. भरपाईचं कर्तव्य त्याने संपत नाही. धर्मशिक्षण ग्रंथाच्या १४५९व्या परिच्छेदात तेच आहे: क्षमा पाप दूर करते, पापाने घातलेला गोंधळ सगळा निस्तरत नाही. नियम त्यांच्या बाजूने आहे. मला अजून थोडं खुपतं.

खुपण्याचं कारण आक्काने जास्त चांगलं सांगितलं. गृहस्थ तासगावला गेले, बसले, सांगितलं. ती म्हणाली, "विसार घेतल्यालं मला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं. आईच्या मिस्सेला मी येत न्हवते ती का, तुला वाटलं?" मग हे आईच्या त्या रात्रीचं बोलायला लागले आणि रडू लागले. तिने अडवलं. "आईचं नको काढू आता. आईसाठी मीबी रडलीया. पैशाचं बोल." आणि थोड्या वेळाने: "फादरनी तुला सोडीवलं, बरं झालं. मला कुनी विचारलं?"

याला उत्तर आहे, आणि ते तिला देण्यासारखं नाही. पाप देवाविरुद्धही असतं आणि ती क्षमा देवाच्या अधिकारात असते. आक्काची क्षमा आक्काच्या अधिकारात. चर्च तिच्या वतीने काही देत नाही. पण ज्याचं गेलं त्याला ही वाटणी ऐकवणं निर्दयपणाचं आहे.

तिने जागेच्या विक्रीच्या निम्मे पैसे मागितले, वर बँकेच्या ठेवीच्या दराने व्याज, आणि सगळं स्टॅम्प पेपरवर. गृहस्थ दुखावून माझ्याकडे आले: सख्ख्या भावाकडून लिहून घेते? व्याज जास्त नाही का? मी म्हटलं, बायबलमधल्या जक्कय जकातदाराने फसवून घेतलेलं चौपट परत दिलं होतं; तिने लूकचा एकोणिसावा अध्याय वाचलेला नाही यात समाधान माना. आणि सख्ख्या भावाने आधी एकदा तिच्याकडून लिहून घेतलंच होतं. ते स्टॅम्प विक्रेत्याकडे गेले.

ईस्टरला त्यांनी ख्रिस्तप्रसाद घेतला. बायको सोबत होती. रात्री अकराची जाग पूर्ण गेलेली नाही. नाताळाआधीच्या आगमनकाळात त्यांना आईचं परत एकदा पापनिवेदनात न्यावंसं वाटलं. फादरनी ठरवून दिलेला नियम होता की ते आणायचं नाही, म्हणून नेलं नाही. तीच आठवण, तोच आकडा ९१, पण आता ते "मी मारलं" म्हणत नाहीत. "आई गेली" म्हणतात. दुखवट्याला चार वर्षं उशीर झाला. गोळ्या डॉक्टरांनी कमी केल्या आहेत, बंद केलेल्या नाहीत.

हे लिहायचं ठरलं तेव्हा दोघांचीही परवानगी घेतली. गृहस्थ लगेच हो म्हणाले. आक्काने फोनवर एक अट घातली: "मी माफ केलं असं लिहू नका. हप्ते वेळेवर येत्यात, तेवढं लिहा."